लंगोट की डायपर? घरचे श्रम धरून मांडलेला हिशेब



या सदरात आपण बहुधा बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय आहे तान्ह्या बाळाच्या लंगोटाचा. शेतीखात्याच्या माणसाने लंगोटाच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण हल्ली शेणखताची गाडी रानात रिकामी केली की त्या खतातून फुगलेले, मातीने माखलेले डायपर निघतात. म्हणजे घरातला हा विषय चालत चालत आपल्या शेतापर्यंत येऊन पोचला आहे.

दुसरे कारण खर्चाचे. बचत गटाच्या बैठकीला गेले की एखादी सूनबाई हळूच विचारते, "साहेब, डायपर परवडतो का हो?" शेजारी बसलेल्या सासूबाई लगेच म्हणतात, "आमची पोरं काय डायपरात वाढली? जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत वाढली. फुकटात!" त्यावर सूनबाईचे उत्तर तयार असते, "पण आत्याबाई, रोज धुवायचं कुणी?"

दोघींचेही म्हणणे खरे आहे. म्हणून वाद न घालता आपण कापसाचा, कांद्याचा जसा हिशेब मांडतो तसाच याचाही मांडून पाहू.

आधी वस्तू ओळखू

कापडी लंगोट सर्वांच्या ओळखीचा आहे. पूर्वी तो फुकट पडे, कारण घरात सुती नऊवारी आणि धोतरे होती. धुऊन धुऊन मऊ झालेले ते कापड ओल चांगली शोषून घेई. आज पेटीत साड्या पुष्कळ असतात, पण बऱ्याच पॉलिस्टरच्या नाहीतर नायलॉनच्या. त्या पाणी शोषत नाहीत, उलट बाळाच्या अंगाला घाम आणतात. तेव्हा "फुकटातला लंगोट" आता सगळ्याच घरी मिळत नाही. पुष्कळांना कापड विकत आणावे लागते, आणि ते हिशेबात धरायला हवे.

एकदा वापरून टाकायचा डायपर अमेरिकेतून आला. १९६१ साली पिओरिया या शहरात, म्हणजे तिकडच्या मक्याच्या मुलखात, पॅम्पर्स नावाचा डायपर प्रथम विक्रीला ठेवून पाहिला गेला. एकाची किंमत होती १० सेंट. आयांना वस्तू आवडली, पण भाव आवडला नाही. पुढे किंमत ६ सेंटांच्या आसपास उतरवली, तेव्हा ती चालली. म्हणजे "परवडतो का?" हा प्रश्न अमेरिकेतल्या बायकांनीही पहिल्याच दिवशी विचारला होता.

त्याच पिओरियात अमेरिकेच्या शेतीखात्याची एक प्रयोगशाळा आहे. जमिनीत ओल टिकून राहावी म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी मक्याच्या पिठूळ भागापासून, म्हणजे स्टार्चपासून, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणारे द्रव्य तयार केले. आजच्या डायपरात पाणी पिऊन फुगणारे जे बारीक दाणे असतात, ते याच जातीचे. मात्र ते स्टार्चचे नसून रसायनापासून बनवलेले असतात. त्यांच्या जोडीला लाकडाचा लगदा असतो, आणि आत-बाहेर प्लास्टिकचे पातळ थर असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, उकिरड्याचा विषय निघेल तेव्हा ती कामाला येईल.

डायपरचा रोख खर्च

दुकानात पुड्याची किंमत विचारू नका, एका नगाची काढा. पुड्यावरची किंमत भागिले आतले नग. गावच्या दुकानात मिळणारी दोन-चार नगांची छोटी पुडी पुष्कळदा मोठ्या पुड्यापेक्षा नगाला महाग पडते. मात्र मोठा पुडा आणताना बाळाचे वजन पाहा. पुड्यावर माप किलोत दिलेले असते, महिन्यांत नाही. बाळ भरभर वाढते आणि लहान मापाचे डायपर पडून राहतात. आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा जुन्या छापील किमतीचा माल कोणी गळ्यात मारत नाही ना, हेही पाहा.

भाव गावागणिक आणि कंपनीगणिक वेगळे. हिशेबापुरते आपण लहान मापाचा नग ८ रुपये, मधला १० रुपये आणि मोठा १२ रुपये धरू. दिवसरात्र डायपरच वापरायचा म्हटले तर दोन वर्षांचा खर्च असा येतो :

पहिले ६ महिने : १८० दिवस, रोज ७ नग, म्हणजे १,२६० नग, ८ रुपयांनी १०,०८० रुपये.

पुढचे ६ महिने : १८५ दिवस, रोज ५ नग, म्हणजे ९२५ नग, १० रुपयांनी ९,२५० रुपये.

दुसरे वर्ष : ३६५ दिवस, रोज ४ नग, म्हणजे १,४६० नग; १२ रुपयांनी १७,५२० रुपये.

एकूण नग ३,६४५ आणि एकूण रक्कम ३६,८५० रुपये.

हा आकडा पाहून सासूबाई खूश होतील. पण जरा थांबा, अजून दुसरी बाजू मांडायची आहे.

लंगोटाचा रोख खर्च

दिवसाला १० ते १२ लंगोट लागतात, आणि एक दिवसाचे वाळत असताना दुसऱ्या दिवसाचे हाताशी हवेत. म्हणून २४ लंगोटांचा संच धरू. साधारण ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या मलमलीतून ५६ सेंटिमीटरचे चौकोन रुंदीत बरोबर दोन निघतात. लंगोट दुहेरी शिवायचा तर २४ लंगोटांना ४८ चौकोन, म्हणजे साडेतेरा मीटर कापड लागेल. मीटरला ६० रुपये धरले तर ८१० रुपये, दोरा-नाडीचे ९० रुपये, मिळून ९०० रुपये. बाळ वर्षाचे झाले की आणखी एक संच लागेल, त्याचे ९०० रुपये. वरून घालायच्या अस्तराच्या चड्ड्या चार, प्रत्येकी १०० रुपयांप्रमाणे ४०० रुपये. कापडाचे एकूण २,२०० रुपये झाले.

साबणाच्या पावडरीला रोजचे ४ रुपये धरले तर दोन वर्षांचे, म्हणजे ७३० दिवसांचे, २,९२० रुपये.

कापड आणि साबण मिळून ५,१२० रुपये झाले.

आता पाणी. विष्ठेचा लंगोट आधी खंगाळणे, मग सगळे साबणाने धुणे, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढणे, याला रोज ५० लिटर पाणी सहज लागते. घरी नळ असेल तर त्याचे पैसे वेगळे दिसत नाहीत. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि २०० लिटरचा पिंप ६० रुपयांना घ्यावा लागतो, तेथे रोजचे १५ रुपये लंगोटावर जातात. वर्षातले असे १०० दिवस धरले तर दोन वर्षांत ३,००० रुपये. म्हणजे टंचाईच्या गावात लंगोटाचा रोख खर्च ८,१२० रुपयांवर जातो.

३६,८५० कुठे आणि ५,१२० किंवा ८,१२० कुठे! इथेच वही मिटली तर लंगोट जिंकला. पण वही अजून मिटायची नाही.

राहिलेली एक बाब

किमान आधारभूत किंमत ठरवताना कृषिमूल्य व खर्च आयोग काय करतो ते आठवा. बियाणे, खत, मजुरी असा खिशातून गेलेला खर्च तर तो धरतोच, शिवाय घरच्या माणसांनी शेतात केलेल्या श्रमांची मजुरीही धरतो. ती धरलीच पाहिजे, असा आपला आग्रह असतो. आपण म्हणतो, "माझी बायको, माझी आई, माझा मुलगा रानात राबतात, त्यांच्या घामाला काही मोल आहे की नाही?" अगदी रास्त बोलणे आहे.

मग हाच न्याय मोरीतल्या धुण्याला का नको? रानात खुरपताना जी बाई मजूर म्हणून मोजली जाते, तीच घरात लंगोट धुताना हिशेबातून नाहीशी कशी होते?

चला, तिला हिशेबात घेऊ. लंगोट खंगाळणे, धुणे, पिळणे, दोरीवर घालणे, वाळल्यावर घड्या करणे, यात रोज पाऊण तास जातो असे धरू. पाणी लांबून आणायचे असेल तर वेळ याहून जास्त. ७३० दिवसांचे होतात साडेपाचशेच्या आसपास तास. आठ तासांचा दिवस धरला तर ६८ दिवसांचे काम. खुरपणीची मजुरी ३०० रुपये धरली तर २०,४०० रुपये.

आता लंगोटाचा पुरा खर्च पाहा. नळाच्या गावात ५,१२० अधिक २०,४००, म्हणजे २५,५२० रुपये. टँकरच्या गावात २८,५२० रुपये.

डायपरशी तुलना केली तर लंगोट अजूनही स्वस्तच आहे. पण फरक ३१,७३० रुपयांचा दिसत होता, तो ११,३३० वर आला. टंचाईच्या गावात तर ८,३३० वर. मधले २०,४०० रुपये लंगोटाने वाचवले नाहीत, ते धुणाऱ्या हातांनी कमावून दिले. कोणी म्हणेल, ही मजुरी तिला कोण देणार आहे, कागदावरचा आकडा तो! रोख कोणी देत नाही हे खरे. पण गेलेला वेळ कागदावरचा नाही. बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईचा तो वेळ आहे. त्या वेळात ती निजली असती, बाळाला निवांत पाजले असते, नाहीतर खरोखरच कामावर गेली असती.

म्हणून लंगोट वापरायचे ठरले तर "आपण किती वाचवले" असे म्हणण्याआधी "कोणी वाचवून दिले" हे घरातल्या कर्त्या माणसाने ध्यानात घ्यावे. बाळाच्या बापाने सकाळी बादलीभर लंगोट धुऊन दोरीवर टाकले तर त्याचे काही कमी होत नाही. फवारणीचा पंप धुता येतो, त्याला लंगोट धुणे जड नाही.

मधला मार्ग

शेतीत आपण नुसत्या रासायनिक खतावर भिस्त ठेवत नाही आणि नुसत्या शेणखतावरही नाही. तसेच इथे करता येते. दिवसा लंगोट, रात्री एक डायपर. प्रवासात, लग्नाकार्यात किंवा दवाखान्यात जाताना एखादा जास्तीचा.

रात्रीच्या एका डायपरचा दोन वर्षांचा खर्च वरच्याच दरांनी ७,६७० रुपये येतो. रात्रीचे तीन-चार लंगोट कमी झाले की साबण रोज ३ रुपयांचा पुरतो, त्याचे २,१९० रुपये. कापडाचे तेच २,२०० रुपये. रोख खर्च झाला १२,०६० रुपये. धुणे पाऊण तासावरून अर्ध्या तासावर आले तर श्रमाचे दिवस ४६, मजुरी १३,८०० रुपये. सगळे मिळून २५,८६० रुपये.

नुसत्या लंगोटाचा पुरा खर्च २५,५२० होता. म्हणजे श्रम धरले तर दोन्हींत फरक अवघा ३४० रुपयांचा, आणि टँकरच्या गावात तर मधला मार्गच थोडा स्वस्त पडतो. वर आईची रात्रीची झोपमोड कमी होते ती वेगळीच. तेव्हा रात्रीच्या एका डायपराला कोणी सूनबाईची चैन म्हणू नये. आणि दिवसभर डायपर वापरणाऱ्या घरानेही पाहावे, की दिवसा लंगोट बांधला तर दोन वर्षांत २४,७९० रुपये रोख हातात राहतात. एवढ्या पैशांत दोन चांगल्या शेळ्यांची निदान चौकशी करता येते.

मात्र हेही खरे, की ज्याच्या हातात रोख पैसाच नाही त्याला मजुरीचा कागदी आकडा उपयोगी नाही. त्याने लंगोटच वापरावा, पण काम वाटून घ्यावे.

बटणांचे तयार कापडी डायपरही बाजारात मिळतात. नगाला ४०० रुपये धरले तर डझनाचे ४,८०० रुपये होतात. बटणे पुढेमागे लावून ते मोठ्या वयापर्यंत चालवता येतात आणि नीट वापरले तर दुसऱ्या मुलालाही होतात. पण ते जाड असल्याने पावसाळ्यात लवकर वाळत नाहीत. धुण्याचे श्रम त्यालाही आहेतच. घ्यायचेच असतील तर आधी दोन घेऊन पाहा, मग बाकीचे.

खर्च उतरवण्याच्या काही गोष्टी

पहिली गोष्ट बारशाची. बारशाला येणारे पाहुणे झबली, टोपडी, फुगलेले फ्रॉक आणतात, आणि दोन महिन्यांत ते लहान होतात. जवळच्या माणसांनी विचारले तर संकोच न करता सांगा, "सुती लंगोट आणा." आजोळच्या बाळंतविड्यात दोन डझन मलमलीचे लंगोट असले तर त्यासारखी कामाची भेट नाही.

दुसरी गोष्ट, नवे कापड दोन-तीनदा धुऊन मगच वापरा. नव्या कापडाला खळ असते, ती गेल्याशिवाय कापड ओल शोषत नाही. घरात खरोखर सुती जुनी साडी असेल तर तिच्या चौपदरी पट्ट्या शिवून लंगोटाच्या मधोमध ठेवा. ओल पट्टी झेलते आणि लंगोट जास्त वेळ टिकतो. टाचणीऐवजी नाडी लावा.

तिसरी गोष्ट आज्जीबाईंची. बाळ मान धरू लागले की पायांवर आधार देऊन बसवायचे आणि "शीऽऽ" असा आवाज करून शी-शूची सवय लावायची, ही आपल्याकडची जुनी रीत. झोपून उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर असे बसवले तर रोजचे दोन-तीन लंगोट सहज वाचतात. याला पैसा लागत नाही, फक्त सवड आणि सबुरी लागते. जबरदस्ती मात्र नको.

चौथी गोष्ट पावसाची. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने कपडे वाळत नाहीत. तेथे २४ ऐवजी ३६ लंगोटांचा संच धरा, नाहीतर त्या दिवसांत डायपर थोडे वाढवा. ओलसर लंगोट बाळाला बांधू नये.

याच ठिकाणी आपल्याकडची एक जमेची बाजू सांगतो. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्ही प्रकारांचा पर्यावरणावरचा भार तपासला, तेव्हा सरासरी वापरात फार फरक दिसला नाही. कापडी लंगोटाचा भार तो कसा धुतला आणि कसा वाळवला यावर ठरतो, असे आढळले. तिकडे गरम पाणी आणि विजेवर वाळवण्याचे यंत्र यात ऊर्जा जाते. दोरीवर वाळवला, दुसऱ्या मुलालाही वापरला, की कापडाचे पारडे जड होते. आपल्याकडे वर्षातले आठ महिने ऊन फुकट आहे, आणि धाकट्याला थोरल्याचे कपडे घालण्याची रीतही आहे.

बाळाची कातडी

पैसे वाचवण्याच्या नादात एक चूक सर्रास होते. डायपर महाग, म्हणून सकाळी बांधलेला संध्याकाळी सोडायचा. लंगोट ओला झाला की हाताला कळतो, डायपर भरला तरी वरून कोरडा वाटतो. पण आत बाळाची नाजूक कातडी तासन्‌तास ओलीत राहते, लाल होते, सोलते. मग दवाखाना आणि मलम. वाचवलेले दोन डायपर असे अंगलट येतात. दिवसा तीन-चार तासांनी डायपर बदलावा. शी केली तर लगेच बदलावा. रोज काही वेळ बाळाला उघडे, कोरडे राहू द्यावे. पावडरीचा मारा करू नये. पुरळ दोन-तीन दिवसांत उतरले नाही, पू दिसला किंवा ताप आला, तर घरगुती लेप न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

लंगोटातही काळजी हवीच. विष्ठा आधी शौचालयात झटकावी. लंगोट झाकणाच्या बादलीत ठेवावे, आणि ती बादली रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही अशी असावी. साबण पुरता निघेपर्यंत खंगाळावे, राहिलेला साबणही कातडीला झोंबतो. उन्हात कडक वाळवावे. विहिरीच्या काठाला, हातपंपाच्या ओट्यावर किंवा ओढ्यात लंगोट धुऊ नयेत, त्याने साऱ्या गावाचे पाणी बिघडते.

आणि शेतकऱ्याच्या घरासाठी खास सूचना. फवारणीचे कपडे आणि बाळाचे लंगोट एका बादलीत कधीही भिजवू नका. औषध गाळलेले किंवा पंप पुसलेले फडके कितीही धुतले तरी लंगोटाला घेऊ नका. खताची किंवा औषधाची रिकामी पिशवी कापून ती बाळाखाली मेणकापड म्हणून घालू नका. कातडीतून विष अंगात जाते, हे फवारणी करणाऱ्याला आपण सांगतो. बाळाची कातडी तर आपल्याहून कितीतरी पातळ.

उकिरड्यातला डायपर

आता सुरुवातीची गोष्ट. दिवसरात्र डायपर वापरला तर दोन वर्षांत ३,६४५ नग होतात असे आपण पाहिले. वापरलेला नग सरासरी २०० ग्रॅमचा धरला तर हे ओझे सव्वासात क्विंटलांचे होते. एका बाळामागे सव्वासात क्विंटल कचरा! तो जातो कुठे?

उकिरड्यात टाकला तर शेण कुजते, पालापाचोळा कुजतो, डायपरातला लगदाही हळूहळू कुजतो. प्लास्टिक कुजत नाही. ते खताबरोबर रानात जाते आणि कुळवाच्या पासेला अडकते. फुगलेले दाणे मातीत मिसळतात. "हे पाणी धरणारे दाणे आहेत, मग रानाला चांगलेच की," असे कोणी सांगेल तर ऐकू नका. शेतासाठी मिळणारे हायड्रोजेल वेगळे, आणि विष्ठेने भरलेला डायपर वेगळा. भाजीच्या वाफ्यात तर तो मुळीच नको. उकिरड्यावर टाकलेला डायपर कुत्री ओढून अंगणात आणतात, आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात प्लास्टिक गेले तर काय होते ते गोठा असणाऱ्यांना सांगायला नको.

शौचालयात टाकला तर भांडे तुंबते, आणि शोषखड्ड्यात गेला तर तो तेथे वर्षानुवर्षे पडून राहतो. चुलीत किंवा बांधावर जाळला तर प्लास्टिकचा धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो.

मग करावे काय? शी शौचालयात झटकावी, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करावा, कागदात बांधावा आणि ओल्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीत वेगळा द्यावा. वापरलेले डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यावेत, आणि त्यासाठी पिशवी किंवा वेष्टन उत्पादकांनी पुरवावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांतच म्हटले होते. आपल्या गावात घंटागाडी येत नसेल, किंवा येऊनही सगळा कचरा गावाबाहेरच्या नाल्यात ओतत असेल, तर हा विषय ग्रामसभेत मांडा. पाण्याच्या आणि रस्त्याच्या विषयाइतकाच तोही गावाचा विषय आहे. विशेषतः महिलांनी मांडावा. तोवर ध्यानात ठेवायची गोष्ट एकच, जितके डायपर कमी तितका उकिरडा स्वच्छ. रात्रीचा एकच डायपर वापरला तर दोन वर्षांत ३,६४५ च्या जागी ७३० नग होतात, म्हणजे पाचवा हिस्सा.

तुमचा हिशेब तुम्हीच मांडा

वरचे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे भाव, पाणी आणि मजुरी वेगळी असेल. वहीच्या एका पानावर पाच ओळी लिहा : कापड किंवा डायपर, साबण, पाणी, श्रमाचे तास, आणि ते तास कोणाचे. शेवटची ओळ विसरू नका. पहिल्या चार ओळींवरून स्वस्त काय ते ठरते, पाचवीवरून त्या स्वस्ताईचा भार कोणावर पडतो ते कळते.

हा हिशेब सासू, सून आणि बाळाचा बाप या तिघांनी एकत्र बसून करावा. कोणाचे मन दुखावण्याचे कारण उरणार नाही. आकडे समोर असले की वाद कमी होतात, हा शेतीतला अनुभव घरातही खरा ठरतो.

पुढच्या वेळी याच उकिरड्याचे चांगले खत कसे करावे, याविषयी बोलू. तोवर खतातले प्लास्टिक वेचून बाजूला ठेवा.